टेंडर बाईच्या नावावर, सही कुणाच्या हातात?

सरकारी टेंडर शोधून देणारं, शंभर पानी कागद वाचून त्याचा गोषवारा सांगणारं आणि बोलीचा मसुदाही लिहून देणारं सॉफ्टवेअर आता आलं आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर, म्हणजे ‘एआय’वर चालणारं. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या बचत गटांच्या बैठकांतही त्याचं नाव निघू लागलंय. ‘आता काम मिळत नाही ही तक्रारच उरणार नाही,’ असं बायकांना सांगितलं जातं. पण गटांना आजवर कामं मिळाली नाहीत, ती टेंडर निघाल्याचं कळलं नाही म्हणून का?

अंगणवाडीच्या आहाराचंच घ्या. ७ ऑक्टोबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की या आहारासाठी ठेकेदार नकोत. पैसा शक्यतो गावसमूह, बचत गट आणि महिला मंडळांमार्फत खर्च व्हावा. आदेश स्वच्छ होता. मग ठेकेदारांनी काय केलं? ते महिला मंडळांच्या पाटीमागे जाऊन उभे राहिले. महाराष्ट्रातला हा प्रकार न्यायालयानेच नेमलेल्या आयुक्तांनी २०१२ मध्ये उघड केला. पुढे २०१६ मध्ये घरपोच आहाराचं सुमारे ६,३०० कोटींचं टेंडर निघालं, तेही मोठ्या उद्योगांनाच झेपेल अशा अटींचं. वैष्णोराणी महिला बचत गट आणि इतर काही गट न्यायालयात गेले, तेव्हा कुठे फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कंत्राटं रद्द केली.

त्या टेंडरची बातमी गटांना होतीच. अडलं ते अटींपाशी. मागची उलाढाल दाखवा, तशाच कामाचा अनुभव दाखवा, बयाणा भरा. पन्नास-शंभर रुपये महिना बचत करणाऱ्या बायकांनी हे आणायचं कुठून? टेंडर शोधणारं यंत्र ही अट हलवू शकत नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. ई-टेंडर भरायला डिजिटल सही लागते. ती पेनड्राइव्हसारख्या एका डोंगलमध्ये असते, आणि ते डोंगल पुष्कळदा अध्यक्षबाईंच्या घरी नसतं. ते असतं तालुक्याला, ‘ऑनलाइनचं सगळं बघणाऱ्या’ भाऊंच्या खणात. पासवर्डही त्यांनाच पाठ. सरपंच बाई आणि खुर्चीत नवरा, हे आपण पंचायतीत पाहिलं. इथे खुर्चीचीही गरज नाही. हे भाऊ आजवर महिन्याला दोन-तीन टेंडरं भरत असतील, तर एआय हाताशी आल्यावर वीस भरतील, सगळी बायकांच्या नावावर. त्यातलं एखादं लागलं आणि काम झालं नाही, तर बयाणा जप्त होतो आणि काळ्या यादीत नाव जातं. कुणाचं? जिची सही तिचं. सॉफ्टवेअरचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, आणि भाऊंचंही नसतं.

याचा अर्थ यंत्र नको असं मी म्हणत नाही. उलट, मला ते बायकांच्याच हातात हवंय, पण आधी वाचायला. टेंडरचा कागद बहुतेकदा इंग्रजीत, तोही वकिली. दहावी झालेली लोहाऱ्याची सूनबाई आता त्याला मराठीत विचारू शकते: उलाढाल किती मागितलीय? निविदापूर्व बैठक कधी आहे? शुद्धिपत्रक निघालंय का? केंद्राच्या खरेदी धोरणात सूक्ष्म व लघु उद्योगांना बयाण्यातून सूट आहे, २५ टक्के खरेदी त्यांच्याकडून आणि त्यात ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून करायची आहे. मग या टेंडरला ते लागू होतं का? हे यंत्र चुकीचं उत्तरही ठासून देतं, म्हणून प्रत्येक उत्तराचं पान आणि कलम विचारून मूळ कागदाशी ताडून घ्यायचं. जाचक अट सापडली की निविदापूर्व बैठकीत लेखी हरकत घ्यायची. या बैठकीला ठेकेदार न चुकता जातात. गटाच्या बायका तिथे क्वचितच दिसतात.

आपल्या बायकांना हे जमणार नाही, असं कुणी म्हणू नये. १९९३ च्या भूकंपानंतर याच भागात घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात बायका ‘संवाद सहायक’ झाल्या होत्या. सिमेंट-लोखंडाचा हिशेब त्या शिकल्या आणि साहेबांना प्रश्न विचारू लागल्या. त्यांच्या हातात तेव्हा साधा मोबाइलही नव्हता.

तेव्हा मैत्रिणींनो, कुणी असं सॉफ्टवेअर घेऊन आलं, तर आधी तालुक्याला जाऊन आपलं डोंगल परत आणा आणि पासवर्ड बदला. डोंगल गटाच्या पेटीत, बचतीच्या वह्यांबरोबर राहू द्या. पासवर्ड फक्त जिची सही तिलाच ठाऊक असू द्या. बोलीचा आकडा सही करण्याआधी बैठकीत मोठ्याने वाचून इतिवृत्तात लिहा. आणि ज्या कार्यालयांना गटांसाठी एआयचं प्रशिक्षण ठेवायचं आहे, त्यांनी पहिला दिवस टेंडर भरण्याला नाही, अटी वाचण्याला द्यावा. त्या दिवशी भाऊंना बोलावू नये.