प्लास्टर निघालं, भीतीचं काय?

मार्च 2025 मध्ये पिशोर घाटात उसाचा ट्रक उलटला. उसाखाली दबून सहा मजूर गेले, बाकीचे जखमी झाले. आपण आकडे वाचले आणि पुढच्या बातमीकडे वळलो. आपल्या रस्त्यांवरच्या अपघातांत लहान मुलंही सापडतात. कुणी ट्रॉलीवर बसलेलं असतं, कुणी अब्बांच्या मोटारसायकलच्या टाकीवर. घाटी रुग्णालयात नेलं की एक्स-रे निघतो, टाके पडतात, प्लास्टर चढतं. पण मुलाला झोप लागते का, हे कोण विचारतं?

बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात. काही मात्र त्या अपघातातच अडकतात. तेच स्वप्न पुन्हा पुन्हा पडतं, रस्त्याची धास्ती बसते, चिडचिड होते, अभ्यासातून लक्ष उडतं. हे महिन्याच्या पुढे गेलं तर तो पीटीएसडी हा आजार असू शकतो. जखम मोठी की छोटी, यावरून कोण अडकेल ते कळत नाही. म्हणून विचारावं लागतं.

फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातल्या संशोधकांनी 2003 मध्ये त्यासाठी 12 प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली. चार प्रश्न मुलाला, चार आईवडिलांना, चार केसपेपरवरून. आणखी कुणाला लागलं का? आईबाबा कुठे आहेत हे काही वेळ कळत नव्हतं का? आपण मरणार असं वाटलं का? ऑस्ट्रेलियात हीच यादी तितकी चालली नाही, प्रश्न बदलावे लागले. आपल्याकडेही ती मराठीत आणि दखनीत आधी तपासूनच वापरायला हवी.

आपल्या घरांत यावर एकच उत्तर असतं, "बच्चा है, भूल जाएगा." नाही भुललं, रात्री किंचाळून उठलं, की नजर लागली, असर झाला, तावीज आणा. दुआ जरूर करा. पण हाड मोडल्यावर आपण दुआही करतो आणि प्लास्टरही घालतो. मग मनाच्या बाबतीत फक्त तावीजच का?

मी सॉफ्टवेअरवाला. माझ्यासारख्यांना लगेच ॲप सुचतं. इथे ॲपची गरज नाही. केसपेपरला जोडलेला एक कागद, तो भरणारी सिस्टर आणि धोका दिसलेल्या मुलाला महिन्याने पुन्हा तपासणारा माणूस एवढं पुरे. यातला तिसरा नसेल तर पहिले दोन फुकट आहेत. मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा 2017 च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, तेव्हा ही मागणी मेहरबानीची नाही.

आपली पोरं रक्तदान शिबिरं भरवतात, पेशंटला रात्री-अपरात्री घाटीत पोहोचवतात. त्यांनी आणखी दोन कामं घ्यावीत. हा कागद सुरू करा, असं निवेदन रुग्णालयाला द्यावं. आणि घरी आलेल्या मुलाची महिन्याने चौकशी करावी. झोपतो का? शाळेत जातो का? नसेल जात तर आईवडिलांना 14416 हा टेलि-मानसचा सरकारी मोफत नंबर लावून द्यावा आणि डॉक्टरकडे सोबत जावं. सोबत कुणी असलं की गरीब घरातली अम्मी दवाखान्याची दुसरी फेरी चुकवत नाही.