गावाची कचेरी की गावाचं घर?

नगरपालिकेत आपण कधी जातो? जन्माचा दाखला हवा असेल, घरपट्टी भरायची असेल, नाहीतर चार दिवस नळाला पाणी आलेलं नसेल तेव्हाच. काम झालं की कधी एकदा बाहेर पडतो असं होतं. तिथे घटकाभर बसावं असं कुणाला वाटलंय?

फिनलंडमधल्या सॅयनॅत्सालो या गावाने मात्र लोकांनी यावं, बसावं असंच नगरभवन बांधलं. सरोवरातल्या बेटावरचं, प्लायवूडच्या कारखान्याचं हे गाव. वस्ती जेमतेम तीन हजारांची. १९४९ मध्ये आल्व्हर आल्टो या वास्तुशिल्पकाराचा आराखडा निवडला गेला आणि १९५२ मध्ये इमारत पूर्ण झाली.

आधुनिक इमारत म्हटलं की काच-काँक्रीटचे ठोकळे डोळ्यांसमोर येतात. आल्टोंनी साधी लाल वीट आणि लाकूड वापरलं. खोदकामाची माती मध्ये भरून उंच चौक केला, अगदी आपल्या वाड्यासारखा! चौकाभोवती कचेरी, ग्रंथालय, राहायची घरं, खाली दुकानं. पुढेमागे कचेरी वाढली तर दुकानांची जागा घेता यावी, ही सोयही आधीच केलेली. संसारी बाई करते ना, तसाच हा विचार.

सभागृह मात्र चांगलं १७ मीटर उंच! एवढ्याशा गावाला हे कशाला, असा प्रश्न निघालाच. तेव्हा आल्टोंनी इटलीतल्या सिएना शहराच्या प्रसिद्ध सभागृहाचा दाखला देऊन, आपलं त्याहून थोडं उंचच असू द्या, असं सांगितल्याची गोष्ट आहे. गाव लहान म्हणून त्याचा मान लहान नसतो, हेच त्यांना म्हणायचं असावं. आणि प्रत्यक्ष बांधकामावर देखरेख कुणाची होती? एलिसा मॅकिनिएमी या तिशीही न गाठलेल्या वास्तुशिल्पकार मुलीची! पुढे ती आल्टोंची पत्नी झाली.

१९९३ मध्ये हे गाव शेजारच्या युवॅस्कुलॅ शहरात विलीन झालं. गावाची स्वतंत्र परिषद गेली, पण जगभरचे लोक अजून ती वास्तू बघायला जातात.

त्याच १९९३ साली आपल्याकडे ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली. नगरपालिकांत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. खुर्ची मिळाली, पण जागा मिळाली का? बचत गटाच्या कामासाठी बायकांना घेऊन मी कचेऱ्यांत जाते. तान्हं मूल कडेवर घेऊन त्या जिन्यात उभ्या असतात. बसायला साधं बाकडं नाही, स्वच्छतागृह असलं तर त्याला कुलूप!

इमारत एकदा उभी राहिली की पन्नास वर्षं हलत नाही. म्हणून तुमच्या गावात नवीन इमारतीचं घाटत असेल, तर भूमिपूजनाच्या हळदीकुंकवाची वाट बघू नका. आधी आपल्या वॉर्डातल्या नगरसेविकेला गाठा. म्हणावं, ताई, नकाशा दाखवा, यात आम्ही बसायचं कुठे?