किंमत उतरते, खर्च उतरत नाही

दारी हत्ती झुलणे हे आपल्या भाषेत वैभवाचे लक्षण. तोच हत्ती पांढरा निघाला की दिवाळखोरीचे. या दोहोंमधले अंतर ज्याला मोजायचे असेल त्याने दोन आसनांची, उघड्या टपाची, टर्बोचार्जर बसवलेली एखादी वापरलेली छोटी मोटार विकत घ्यावी आणि ती उरणला नेऊन ठेवावी.

उरणच का, तर मोह आणि त्याची किंमत ही दोन्ही तिथे शेजारीशेजारी आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला आणि शिवडीहून निघणारा २१.८ किलोमीटरचा, ताशी १०० किलोमीटरपर्यंत धावू देणारा रस्ता या तालुक्यात उतरला. रोडस्टर म्हणवणाऱ्या मोटारीला याहून अधिक काय हवे? परंतु सेतू संपला की जेएनपीटीकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर, त्यांनी उखडलेला रस्ता, जमिनीपासून वीतभरही उंच नसलेल्या मोटारीचे पोट खरवडणारे गतिरोधक, पावसाळ्याचे चार महिने आणि बारमाही खारा वारा. ज्या गावाच्या आसपास मिठागरे पिकली त्या गावच्या हवेत लोखंड कसे टिकते हे वेगळे सांगायला नको.

आता यंत्राकडे वळू. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर वाया न घालवता त्याने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची, हे टर्बोचे तत्त्व. वाया जाणाऱ्या उष्णतेकडून काम करून घेण्याची कल्पना उरणला अपरिचित नाही. बोकडविऱ्याच्या ६७२ मेगावॉटच्या वायू विद्युत केंद्रातही टर्बाइनमधून सुटणाऱ्या उष्णतेची वाफ करून तिच्यावर आणखी वीज काढतात. फरक इतकाच, की तिथे यंत्रावर नजर ठेवायला पाळीपाळीने माणसे असतात. मोटारीतले मुठीएवढे टर्बाइन मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते ते तेलाच्या एका पातळ थराच्या भरवशावर. तेल बदलायला उशीर झाला, किंवा भरधाव येऊन लगेच इंजिन बंद केले, की तापलेल्या बेअरिंगमध्ये तेल जळून त्याचा कोळसा होतो. मग निळसर धूर, शिट्टीसारखा आवाज आणि अखेरीस टर्बो बदलण्याचा सल्ला. त्यात २०२५ पासून पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. ते गृहीत न धरता घडवलेल्या जुन्या मोटारींच्या रबरी नळ्यांचे व सीलचे काय, हा प्रश्न उरतोच.

या जातीचा नमुना म्हणून २००३ साली युरोपात आलेली स्मार्ट रोडस्टर पाहावी. ६९८ सीसीचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन, वजन जेमतेम ८०० किलो. मोटार लाघवी होती यात वाद नाही. परंतु तिचे छत गळे, ते पाणी डॅशबोर्डखालच्या इलेक्ट्रॉनिक पेटीपर्यंत पोचे आणि एका थेंबापायी दिवे, वायपर, कुलपे सारेच संप पुकारत. क्लच चालवणारी छोटी मोटर आणि टर्बोमागची नळी हीसुद्धा तिची नेहमीची दुखणी. हमीच्या काळातल्या दुरुस्त्यांचा खर्च कंपनीलाच जड झाला, आणि २००५ मध्ये तिचे उत्पादन थांबण्यामागे तेही एक कारण मानले जाते. युरोपातल्या पावसात जी गळली ती कोकणातल्या दोन हजार मिलिमीटरहून अधिक पावसात काय करील?

ही मोटार भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही. आपल्याकडचा जवळचा प्रयोग १९९८ चा, गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मचा. तिला टर्बो नव्हता. रेनॉचे ११४९ सीसीचे साधे इंजिन होते. अंग फायबरग्लासचे, म्हणजे खाऱ्या हवेत न गंजणारे. किनाऱ्यावरच्या कारखान्याला शोभेल असेच. पण त्या काळी रेनॉचे स्वतःचे दुकानच या देशात नव्हते. शरीर कोकणी आणि काळीज परदेशी अशा मोटारीचा सुटा भाग मागायचा कुणाकडे? अशी वाहने मोडण्याआधी अनाथ होतात.

खर्चाचे मर्म इथेच आहे असे मला वाटते. समजा, सत्तर लाखांची मोटार आठ-दहा वर्षांनी वीस लाखांना मिळाली. घेणाऱ्याला वाटते, पन्नास लाख वाचले. वस्तुतः मोटारीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. टर्बो, छत उघडणारी हायड्रॉलिक यंत्रणा, नियंत्रणाच्या इलेक्ट्रॉनिक पेट्या यांची बिले सत्तर लाखांच्याच हिशेबाने येतात. मोटार वीस लाखांची आणि तिचे आजारपण सत्तर लाखांचे, असा हा विजोड संसार असतो.

यावर नेहमीचा उपदेश म्हणजे ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’. तो मला पुरेसा वाटत नाही, आणि उरणच्या संदर्भात तर थोडा उद्धटही वाटतो. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण मरण पावले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व मान्य झाले. त्या जमिनीच्या पैशातून कुणी हौस केली तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार मुंबईकर लेखकूंना नाही. आक्षेप हौसेला नाही. जमिनीचा मोबदला एकदाच मिळतो. अशा यंत्राची मागणी मात्र दर महिन्याला येते, आणि ती किती असेल हे घेताना कुणी सांगत नाही, आक्षेप त्याला आहे.

करंजा-मोऱ्याच्या बंदरांतल्या मच्छीमार बोटींचे इंजिन याच खाऱ्या हवेत चालते. ते बिघडले तर धक्क्यावरच उघडले जाते, कारण ते उघडण्याचे ज्ञान धक्क्यावर आहे. आधुनिक मोटारीचे ज्ञान मात्र कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये कुलूपबंद असते. नाक्यावरचा मेकॅनिक कितीही हुशार असला तरी बिघाडाचा संकेत वाचायला त्याला परवानगी लागते. तेव्हा बिलातला मोठा वाटा लोखंडाचा नसतो, या गुप्ततेचा असतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून समिती नेमली, पोर्टल उघडले, त्यात मोटारीही घेतल्या. परंतु पोर्टलवर माहिती ठेवणे वेगळे आणि ती देणे कंपनीवर बंधनकारक करणे वेगळे. मालकी हा शब्द खरा ठरायचा तर दुसरेच हवे.

तोवर घेणाऱ्याने विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत: तेल केव्हा केव्हा बदलले त्याची पावती कुठे आहे, छताखालचा गालिचा ओला आहे का, आणि टर्बो गेला तर तो कोण, किती दिवसांत, केवढ्याला बसवील? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही तर ती मोटार, कितीही देखणी असली तरी, भाड्याचीच समजावी.