चोर सोडून स्नायपरला फाशी!

रात्रीचे नऊ अठ्ठावन्न. तुम्ही लोकलच्या दारात, गाडी कांजूरमार्गला शिरतेय, एक हात हँडलला आणि दुसऱ्या हातात फोन. व्हॉट्सअॅप ग्रुपवर हॉट व्हील्सची 'सुपर ट्रेझर हंट' लिलावाला लागलीये, दहाला क्लोज. तुमची बोली साडेसातशे, सगळ्यात वर. नऊ एकोणसाठला कुणीतरी टाकतो 'आठशे'. तुम्ही टाइप करेपर्यंत अॅडमिनचा हातोडा पडलेला असतो. मग ग्रुपवर राडा. 'चीटर', 'हे फेअर नाही यार', 'याला काढा'.

माझं म्हणणं असं, की त्या पोराने काहीही चुकीचं केलेलं नाही. आपण भलत्याच माणसावर खवळतोय.

शेवटच्या क्षणी बोली लावण्याला 'स्नायपिंग' म्हणतात आणि ते ईबेइतकंच जुनं आहे. ईबेवर तुम्ही तुमची कमाल रक्कम आधीच भरून ठेवायची. समोरचा जसजसा वाढवेल तसतशी सिस्टिम तुमच्या वतीने थोडी थोडी बोली वाढवते. तुम्ही हजार भरलेत आणि शेवटच्या सेकंदाला कुणी आठशे टाकले, तर वस्तू तुमचीच. म्हणजे स्नायपर फक्त त्यालाच हरवतो, जो पन्नास-पन्नास रुपयांनी पुढे सरकत 'बघू, कोण येतंय का' करत बसलेला असतो.

अॅल्विन रॉथ (पुढे २०१२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) आणि अॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये ईबे आणि अॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांची तुलना केली होती. ईबेची वेळ ठरलेली. अॅमेझॉनवर मात्र शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढायची. तिथे शेवटच्या क्षणाची झुंबड बरीच कमी होती. माणसं तीच, नियम वेगळा. तुमच्या ग्रुपला स्नायपिंग नको असेल तर 'शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर पाच मिनिटं वाढतील' एवढी एक ओळ पिन करा. विषय संपला.

आता खरा चोर. साडेसातशेपर्यंत तुम्हाला नेलं कुणी? तीनशेवर तुम्ही एकटेच होतात. मग एक डीपी नसलेला नंबर आला, साडेतीनशे. तुम्ही चारशे. तो पाचशे. तुम्ही इरेला पेटलात. तो नंबर विक्रेत्याच्या भावाचा, मित्राचा किंवा त्याच्याच दुसऱ्या सिमचा असेल तर? त्याला गाडी नकोच आहे. तुम्हाला चढवायचं आणि गळायचं, एवढंच त्याचं काम. याला म्हणतात शिल बिडिंग. आपल्या भाषेत, मामा बनवणं.

याचा गाजलेला किस्सा २००० सालचा. कॅलिफोर्नियातल्या एका वकिलाने ईबेवर एक चित्र पंचवीस सेंटपासून लिलावाला लावलं. वर्णन असं भोळंभाबडं, की वाचणाऱ्याला वाटावं, या बिचाऱ्याला कळलेलंच नाही, हे तर नामवंत चित्रकार रिचर्ड डिबेनकॉर्न यांचं! बोली १,३५,८०५ डॉलरवर गेली. नंतर उघड झालं, की विकणाराच दुसऱ्या नावाने बोली लावत होता. ईबेने विक्री रद्द केली आणि पुढच्या वर्षी त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला.

'अरे, तिकडचं सोड, इथे कोण विचारतंय?' असं वाटत असेल तर थांबा. आपल्याकडे १९३० चा वस्तू विक्री कायदा आहे. त्याचं कलम ६४ सांगतं, की विक्रेत्याने आधी जाहीर केल्याशिवाय स्वतः बोली लावायची नाही, दुसऱ्याकरवीही लावायची नाही. भाव चढवायला खोटी बोली लावली असेल, तर खरेदीदार तो व्यवहार रद्द करू शकतो. लिलाव हॉलमध्येच व्हायला हवा असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. विक्रेत्यांचं नेहमीचं रडगाणं असतं, 'माझा खर्च तरी निघायला नको का?' निघायलाच हवा. मग किमान किंमत उघड सांगा, कायद्यात त्याचीही सोय आहे. चोरवाट कशाला?

हा प्रकार ओळखायचा कसा? पुरावा क्वचितच मिळतो, वास मात्र येतो. एकच नंबर एकाच विक्रेत्याच्या प्रत्येक लिलावात दिसतो आणि कधीच जिंकत नाही. चुकून जिंकलाच, तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला मेसेज: 'भाई, पार्टी पलटली, तुझ्या शेवटच्या बोलीला घेतोस का?' पार्टी खरंच पलटू शकते, मान्य. पण महिन्यात चार वेळा? अशा वेळी तुमची शेवटची बोली नाही, तर त्या नंबरने उडी मारण्याआधीची बोली द्या. बघा काय उत्तर येतंय.

आणखी एक. 'कामात असशील तर तुझा मॅक्स मला डीएम कर, मी तुझ्या वतीने लावतो,' असं अॅडमिन प्रेमाने सांगतो. ईबेवर तुमचा आकडा मशीनला कळतो. इथे तो माणसाला कळतो, आणि बऱ्याचदा तोच माणूस विक्रेता असतो. तुमचा खिसा किती खोल आहे हे विकणाऱ्याला सांगून कोण सौदा करतं? दादरच्या फुलबाजारात तुमची आई करते का?

नाण्यांच्या ग्रुपवर तर 'रेअर' हा शब्द मिठासारखा वापरतात. दुदांडी शिवराई पेशवाईत भरपूर पाडल्या गेल्या, तरी प्रत्येक शिवराई 'अतिदुर्मिळ'. वैष्णोदेवीच्या नाण्यांचे लाखो मिळतात म्हणून आधी 'फी' मागणारे वेगळेच. त्यांच्याबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता, की जुन्या नोटा-नाण्यांसाठी बँक कसलंही कमिशन घेत नाही. तिथे पैसे गेलेच, तर सायबर हेल्पलाइनचा नंबर १९३०. कायद्याचं साल आणि हा नंबर एकच, लक्षात ठेवायला सोपं.

विक्रेता मुंबईतलाच असेल तर स्टेशनवर भेटा. कांजूरमार्ग असो की मुलुंड, वस्तू हातात घ्या, चाकं-रंग बघा, मगच यूपीआय करा. आणि आज रात्रीचा लिलाव सुरू होण्याआधी ग्रुपवर सगळ्यांसमोर एक प्रश्न टाका: 'अॅडमिन, या वस्तूवर विक्रेत्याची किंवा त्याच्या ओळखीतल्या कुणाची बोली आहे का?' सरळ विक्रेता 'नाही' लिहून मोकळा होईल. ज्याला राग येईल, त्याच्या लिलावात त्या रात्री तुम्ही नसलात तरी चालेल.