देवाचा आवाज ३९.१७ मेगाहर्ट्झवर

अमेरिकेतील ख्रिस्ती धर्मोपदेशक पीटर पॉपॉफ १९८०च्या दशकात भर सभेत अनोळखी माणसांची नावे, पत्ते आणि आजार अचूक सांगत. ही माहिती देव देतो, असा त्यांचा दावा होता. १९८६मध्ये जेम्स रँडी यांनी तो उघडा पाडला. पॉपॉफ यांच्या कानात छोटा रिसीव्हर होता आणि त्यांची पत्नी ३९.१७ मेगाहर्ट्झवरून त्यांना माहिती पुरवत होती. रँडी यांनी हे ध्वनिमुद्रण जॉनी कार्सन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ऐकवले. पुढच्या वर्षी पॉपॉफ यांनी दिवाळखोरी जाहीर केली.

गाजली ती कानातल्या यंत्राची गोष्ट. डॉक्टर म्हणून मला त्याहून गंभीर वाटते ते हे, की त्यांच्या सभेत लोक स्वतःची औषधे मंचावर फेकून देत.

गर्दी, गाणी आणि आशा यांमुळे शरीरात काही रसायने स्रवतात आणि वेदना तात्पुरती दबते. म्हणून गुडघेदुखीचा रुग्ण मंचावर चार पावले चालतो. गुडघ्याची झीज मात्र तशीच राहते. ज्याच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्याने ते सोडले तर काही दिवसांत रक्तातले आम्ल वाढून जीव जाऊ शकतो. फिट्सच्या गोळ्या अचानक थांबवल्या तर फिट्स लागोपाठ येऊ शकतात. तोवर सभा संपलेली असते आणि रुग्ण कॅमेऱ्यासमोर नसतो.

पॉपॉफ पुढे 'चमत्कारी पाणी' घेऊन टीव्हीवर परतले. लबाडी उघड झाली तरी आजारी माणसाची गरज संपत नाही, हे त्यामागचे कारण. आमच्या सरकारी रुग्णालयातही अंगारा, ताईत किंवा प्रार्थनेच्या भरवशावर क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडलेले रुग्ण येतात. ते सर्व धर्मांचे असतात. त्यांना हसून काही साधत नाही. त्यांना ओपीडीत आम्ही दोन मिनिटेही देऊ शकत नाही, तिकडे मात्र कोणीतरी त्यांना नावाने हाक मारतो.

प्रार्थना जरूर करा, तिने मनाला धीर मिळतो. पण कोणी, कोणत्याही देवाच्या नावाने, औषध बंद करायला सांगितले, तर तिथून उठा आणि गोळी वेळेवर घ्या.