घाटावरचा आवाज आणि एकदिश ध्वनीचे विज्ञान

वाराणसीत गंगेच्या पश्चिम तीरावर दगडी घाटांची अर्धचंद्राकृती रांग आहे, तर पूर्व तीर मोकळ्या वाळूचा. सायंकाळी दशाश्वमेध घाटावर आरती सुरू झाली की ध्वनिवर्धकांचा आवाज पायऱ्यांवर आदळून पाण्यावर पसरतो. पाण्यालगतची हवा वरच्या हवेहून थंड असेल, तर तो खाली वाकून आणखी दूर जातो. हा आवाज आरतीला आलेल्यांपुरता ठेवता येईल काय?

कायद्याची अपेक्षा तीच आहे. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. एप्रिल २०२२ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने हजारो भोंगे उतरवले आणि आवाज आवाराबाहेर जाता कामा नये, असे बजावले. परंतु आवाराची भिंत आवाजाला ठाऊक नसते.

स्थिर हवेत ध्वनीला जाण्याची वाट जितकी खुली, तितकीच येण्याची. विजापूरच्या गोलघुमटात कुजबुज समोरच्या टोकाला पोहोचते, तशीच तिथली इकडेही येते. हवा वाहू लागली की हा समतोल मोडतो. वाऱ्याच्या दिशेने हाक दूर जाते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. याच तत्त्वावर टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील संशोधकांनी २०१४ साली तीन छोटे पंखे बसवलेले कडे तयार केले. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठाने २०२४ मध्ये पुढचे पाऊल टाकले. तेथील पोकळीत भोवऱ्यासारखी फिरणारी हवा स्वतःच निनादते आणि आलेल्या लहरीला ऊर्जा पुरवते. त्यामुळे सुमारे ८०० हर्ट्झचा ध्वनी क्षीण न होता पुढे जातो. मागे मात्र येत नाही.

तथापि हे सारे नळ्यांमधले, एका अरुंद कंप्रतापट्ट्यातले यश आहे. घाट म्हणजे नळी नव्हे, आणि घंटा, शंख, डमरू यांचा ध्वनी एका पट्ट्यात मावत नाही. शिवाय एकदिश दारातून बाहेर पडलेला आवाज पुढे पसरणारच.

घाटाला उपयोगी पडेल ते तंत्र जुनेच आहे. एकाखाली एक टांगलेले ध्वनिवर्धक एकमेकांचा वर-खाली जाणारा आवाज बऱ्याच अंशी छेदतात. अडचण खर्जाची आहे. ८०० हर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटर लांब, तर १०० हर्ट्झची जवळपास साडेतीन मीटर. तिला वळवायला तेवढीच मोठी मांडणी लागते, अन्यथा ती मागच्या गल्ल्यांत शिरते. म्हणून एका प्रचंड भोंग्याऐवजी श्रोत्यांजवळ अनेक छोटे ध्वनिवर्धक लावणे आणि मोजमाप घाटावर न करता मागच्या घरांच्या खिडक्यांपाशी करणे, हे महापालिकेला आणि पोलिसांना आजही शक्य आहे.