कानात वारं शिरलं की...

वासराच्या कानात वारं शिरलं की ते शेपूट वर करून उधळतं, असं आपल्याकडे म्हणतात. माणसाच्या कानात वारं शिरलं की काय होतं, हे मला मात्र चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

झालं असं की मागच्या दिवाळीला मी पुण्याहून इचलकरंजीला मोटरसायकलवर गेलो. बायको आणि लेक एसटीने पुढे गेल्या होत्या. पहाटे कात्रजचा बोगदा ओलांडला, खंबाटकी चढलो, साताऱ्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि मग काय, काटा नव्वद-शंभरच्या खाली येईना. मजा आली. घरी पोचलो, हेल्मेट काढलं आणि आई काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "हां?" ती परत म्हणाली. मी परत, "काय?" तिसऱ्यांदा ती जवळ येऊन म्हणाली, "च्या टाकू का आदी आंघोळ करतोस?" अण्णा आरामखुर्चीतून बघत होते. त्यांना आमचं बोलणं ऐकू आलं नव्हतं, पण प्रकार बरोबर कळला होता. हसून म्हणाले, "आता तूबी आमच्यात आलास म्हण की!"

सगळे हसले. मीही हसलो. रात्री गच्चीवर झोपलो तेव्हा बायकोला म्हटलं, रातकिडे केवढे ओरडतायत बघ. ती म्हणाली, कुठले रातकिडे? मग मात्र मला झोप लागली नाही.

अण्णांनी पस्तीस वर्षं माग चालवले. ज्यांनी इचलकरंजी पाहिलेली नाही त्यांना सांगतो, १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे गावच मागांचं झालं. गल्लीतून चाललात तरी दोन्ही बाजूंनी खटाक् खटाक् ऐकू यायचं. शेडच्या आत तर धोटा इकडून तिकडे आपटतोय, असे वीस-पंचवीस माग एकदम, वर पत्र्याचं छप्पर. आत दोन माणसं बोलायची ती ओठ आणि हात हलवून. लहानपणी मी डबा घेऊन जायचो तेव्हा अण्णांची ती हातवाऱ्यांची भाषा मला फार भारी वाटायची. ती भाषा का लागते, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

त्यांचं ऐकणं एकदम गेलं नाही. आधी दारावरची बेल गेली, मग चिमण्या गेल्या, मग नातीचा आवाज. आवाजाने जाणारा कान आधी वरच्या पट्टीतलं हरवतो. स, श, फ, थ ही अक्षरं तिथेच राहतात. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. आपण ओरडून सांगायला गेलो की अण्णा चिडतात, "वरडू नकोस, नीट बोल." पूर्वी मला हा हेकटपणा वाटायचा. खरं म्हणजे ते अगदी बरोबर सांगत असतात.

पुण्याला परत आल्यावर मी जरा अभ्यास केला. माझी समजूत अशी होती की आवाज होतो तो इंजिनचा, आणि तो तर आपल्याला आवडतो. पण साधारण साठ-पासष्टच्या वेगापुढे इंजिनपेक्षा वाऱ्याचाच आवाज जास्त होतो. हेल्मेटच्या खालच्या कडेशी, हनुवटीजवळ हवा घुसळते आणि ती गर्जना थेट कानाशी होते. शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आत ९५ डेसिबलच्या आसपास आवाज असतो. चांगलं, घट्ट, पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट घातलं तरी यात थोडाच फरक पडतो, कारण हेल्मेट बनतं ते डोकं वाचवायला. कान त्याच्या हिशेबात नसतात.

आता ९५ म्हणजे किती? कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी अमेरिकेतली नायॉश ही संस्था सांगते, की ८५ डेसिबल आठ तास चालेल. त्याच्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. ९५ ला पाऊण तासाच्या जरा वर. पाऊण तासात मी फार तर शिरवळला पोचतो. पुढचे तीन-चार तास सगळे उधारीवर! आणि ही उधारी फेडता येत नाही, कारण आतल्या कानात ज्या बारीक केसांच्या पेशी आवाज पकडतात त्या माणसात मेल्या की परत उगवत नाहीत.

म्हणून मी इयरफोन शोधायला लागलो. इथे कबूल करतो, मनात गाणी होती. बाहेरचा आवाज बंद आणि आत किशोरकुमार, असा दुहेरी बेत.

पहिला प्रयोग घरात होते त्याच बिनवायरच्या, खाली दांडी असलेल्या बोंडांचा. हेल्मेट चढवताना डावं बोंड निघून गळ्यात पडलं. परत घातलं, तर हेल्मेटची गादी दांडीवर दाबायला लागली. खेड शिवापूरपर्यंत कान ठणकायला लागला. वर गादी घासली की स्पर्शाची कळ दाबली जायची आणि गाणं आपोआप बदलायचं. त्यात तो आवाज मारणारा इलेक्ट्रॉनिक प्रकार होता. विमानातल्या किंवा एसी बसमधल्या एकसुरी घरघरीला तो झकास आहे. पण मोटरसायकलवरचा वारा एकसुरी नसतो. खालची घरघर कमी झाली, वरची फडफड तशीच राहिली. त्यावर भरवसा ठेवून चार तास जाणं मला पटलं नाही.

दुसरा प्रयोग मित्राच्या हेल्मेटमधल्या स्पीकरचा. दुखत नाही, पडत नाही, रस्ता सांगणारी बाईसुद्धा छान बोलते. पण स्पीकर बाहेरचा आवाज अडवत नाही, त्याच्यावर आपला आवाज चढवतो. ९५ च्या वर गाणं ऐकू यायचं तर ते शंभराच्या घरात न्यायला लागणार. म्हणजे आगीवर रॉकेल. ही गोष्ट साध्या, न अडवणाऱ्या इयरफोनलाही तशीच्या तशी लागू आहे.

तिसरा प्रयोग जमला. कानाच्या वाटीत सपाट बसणारे, बाहेर अजिबात न डोकावणारे, वायर कानावरून मागे जाणारे इयरफोन आणि त्यांना रबराऐवजी फोमची टोपी. इथे मी शिकलेल्या दोन-तीन गोष्टी सांगतो, कुणाच्या उपयोगी पडतील. एक, बोट कानावरून सपाट फिरवून बघा. इयरफोन बोटाला लागला तर हेल्मेटलाही लागणार. दोन, आपले दोन्ही कान सारखे नसतात. मला डावीकडे लहान टोपी लागते, उजवीकडे मधली. हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. तीन, दुकानात दोन मिनिटं लावून काही कळत नाही. घरी हेल्मेट घालून तासभर बसा. लेक हसेल, हसू दे. पहिल्या अर्ध्या तासात जे नुसतं जाणवतं ते दुसऱ्या अर्ध्या तासात दुखतं.

आणि चौथा प्रयोग, ज्यावर मी शेवटी थांबलो, तो म्हणजे फोमची साधी बोळी. पंधरा-वीस रुपयांना जोडी. ना वायर, ना बॅटरी, ना गाणी. पाकिटावर २९, ३२ असा काहीतरी डेसिबलचा आकडा असतो. तो प्रयोगशाळेतला. नायॉशच फोमच्या बोळ्यांसाठी तो निम्मा धरायला सांगते. निम्मा धरला तरी ९५ चे ८० होतात, आणि मग दिवसभर चालवा. फक्त घालायची पद्धत आहे. बोटांनी वळून बारीक सुरळी करायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, सुरळी आत सरकवायची आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोट धरून ठेवायचं. नुसती कानाच्या तोंडाशी चिकटवली तर तिचा उपयोग कापसाइतकाच. हात स्वच्छ हवेत, आणि मळली की टाकून द्यायची.

आत्या, तू हे वाचणार आणि लगेच फोन करणार, "मागून ट्रक आला तर ऐकू कसा येईल रे?" मलाही आधी हीच भीती होती. पण अनुभव उलटा आहे. वाऱ्याच्या गर्जनेखाली हॉर्न दबून जातो. बोळ्यांनी वारा आणि हॉर्न दोन्ही कमी होतात, पण कान गांगरलेला नसतो, त्यामुळे हॉर्न वेगळा ओळखू येतो. उन्हात काळा चष्मा घातल्यावर जसं बरं दिसतं, तसंच काहीसं. आणि आरसे आहेतच, ते बघायचे असतात. मात्र हे मी हायवेपुरतं म्हणतोय. लक्ष्मी रोडवर वीसच्या वेगाने जाताना वारा नसतोच, तिथे कान मोकळेच हवेत.

गाण्यांचं काय? तिसऱ्या प्रयोगातले इयरफोन माझ्याकडे आहेत, पण गाडीवर मी ते आता लावत नाही. पोलीस मामा अडवतात हे एक कारण. दुसरं खरं कारण असं, की आवडतं गाणं लागलं की माझं लक्ष गाण्यात जातं आणि हात आपोआप पिळतो. ज्यांना जमतं त्यांनी ठरवावं. माझं मत एवढंच आहे की कानात काही घालणार असाल तर आधी आवाज अडवणारं घाला आणि दुखणार नाही असं घाला. आराम ही इथे चैन नाही. जे दुखतं ते माणूस दुसऱ्या टोलनाक्यावर काढून खिशात टाकतो, मग ते दहा हजारांचं असो की दहा रुपयांचं.

शिमग्याला परत इचलकरंजीला गेलो, बोळ्या घालून. पोचलो तेव्हा आईचं पहिलंच वाक्य ऐकू आलं. रात्री गच्चीवर रातकिडे होते, पण थोडे. पूर्ण गेलेले नाहीत आणि बहुधा जाणारही नाहीत. असो.

दुसऱ्या दिवशी अण्णांना माझ्या जॅकेटच्या खिशात ती नारिंगी बोळी सापडली. "हे काय?" मी त्यांच्यासमोर बसून, तोंड दिसेल असं, हळू सांगितलं. त्यांनी ती बोटांत वळली, सोडली, परत फुगताना बघितली. म्हणाले, "आमी कापूस घालायचो सुरवातीला. मग बाकीची हसायची, म्हणून काढला." कापसाने काही अडलं नसतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "केवढ्याला हे?"

"वीस रुपये."

त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटून मी दोन बोटं दाखवली आणि शून्य काढला. त्यांनी मान हलवली, बोळी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "रोज घालत जा."

तर चुलतभावांनो, मे महिन्यात कोकणात मोटरसायकली घेऊन जायचा बेत ठरतोय असं कानावर आलंय. (आलंय, अजून येतंय!) सगळ्यांसाठी डबाभर बोळ्या मी आणतो. हसायचं असेल त्यांनी घालून हसावं.